ताब्यातला माणूस

राज्यघटनेचा मसुदा टाइप करणाऱ्या बाईंचा नवरा जुन्या राजवटीत पोलीस कोठडीत मार खाऊन मेला होता. त्याला मारणारा फौजदार सापडला, तेव्हा जमावाने त्याला फरफटत सभागृहाच्या अंगणात आणलं. बाई मशीन सोडून खाली धावल्या.

"बाई, पाया पडतो," फुटक्या जबड्यातून तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी त्याच्या छातीत लाथ घातली आणि चप्पल काढून हात भरून येईपर्यंत त्याला बडवलं. तो जागीच मेला, पण बाईंचा जीव काही थंडावला नाही.

त्या वर आल्या. मसुदा तोंडी सांगणाऱ्या वकीलसाहेबांनी पुढचं कलम सांगितलं, "ताब्यातल्या कोणाही माणसाला मारहाण करता येणार नाही."

"कोणालाही?"

"कोणालाही."

बाईंनी ते टाइप केलं आणि तिथेच त्या भडाभडा ओकल्या.