बोरसीचा प्लॉट आणि सावल्या पाडणारं कार्ड

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ते आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं काम पडलं ते दूधवाल्याच्या खाड्यांपुरतं. हे कोणाच्या हाती लागलंच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा सेक्टर सहामध्ये राहत होतो. हे पोलादाच्या प्लांटात, रेल्वेचे रूळ निघतात त्या रेल मिलमध्ये. क्वार्टर कंपनीचं, रिटायर झालं की सोडायचं. त्यानंतर कुठे जायचं याला आमच्याकडे एकच उत्तर होतं, बोरसीचा प्लॉट. तो माझ्या दादाचा, दुर्गजवळ. दादा दुर्गला रेल्वेत गार्ड होता. प्लॉट घेतला त्या दिवशीच तो मला म्हणाला होता, "बाई, अर्धा तुहा. मी इकडून दोन खोल्या बांधतो, तू तिकडून बांध. मधात एक बोअर मारू." मी त्या प्लॉटच्या कोपऱ्यात मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, फांदी लावून आले होते. ह्यांच्या पीएफमधलं बरंचसं थोरलीच्या लग्नात निघालं होतं, पण जागा आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

मुलगा नागपूरला कम्प्युटर शिकून आला आणि मार्केटातल्या व्हिडिओच्या दुकानात लागला. लग्नाच्या कॅसेटीवर नवरानवरीची नावं फिरवायची, फुलं उधळायची, असं काम. तिथे हथखोजचा एक कारखानदार त्याला भेटला. त्याची लहानशी फाउंड्री होती. दिवाळीनंतर त्याच्याकडे बाहेरचे खरेदीदार येणार होते. त्यांना दाखवायला त्याला दोन मिनिटांची फिल्म हवी होती. भट्टी, ओतकाम, साचा, सगळं कम्प्युटरवर काढलेलं.

मला समजलं ते एवढंच. फिल्मच्या एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. प्रत्येक चित्रात उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे कम्प्युटर स्वतः ठरवतो, आणि त्याला फार वेळ लागतो. मी भात टाकायची तेव्हा आमच्या कम्प्युटरवर एक चित्र सुरू झालेलं असायचं आणि भांडी घासून झाली तरी ते खालच्या बाजूला अर्धवटच असायचं. अशाने दोन मिनिटांची फिल्म पुढच्या दिवाळीलाही झाली नसती.

दोन रस्ते होते. रविवारी दादा जेवायला आला तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यावरच बोलणं चाललं. मी आत पोळ्या करत होते.

"मामाजी, मुंबईले एक कार्ड भेटते," मुलगा सांगत होता. "कम्प्युटरच्या आत बसवायचं. ते फक्त उजेड आन सावली करते, दुसरं काहीच नाई. म्हणूनच फास्ट आहे."

"आन दुसरा रस्ता?"

"पावर हाउसच्या बाजारात एका क्लासवाल्याकडे बारा कम्प्युटर आहेत, तारेनं जोडलेले. सुट्टीच्या दिवशी भाड्यानं देते तो. चित्रं बाराही मशिनीवर वाटून द्यायची, प्रत्येकानं आपापली करायची. मोठ्या कंपन्या असंच करतात."

"भाड्याचे बैल," हे म्हणाले. "आमची रेल मिल पाह्य. रेल काढते, दुसरं काम सांगून पाह्य तिले. ज्याचं काम त्यानंच कराव. कार्डच घे."

दादा हसला. "जवाईबुवा, तुमच्या रेलवर आमचीच गाडी चालते ना. एक इंजिन फेल झालं का पुरा सेक्शन उभा राहते. बारा असले तर एक बंद पडलं तरी अकरा चालून राहते."

"गार्डाले मागच्या डब्यातून काय दिसते इंजिन?"

"मागून पुरी गाडी दिसते, जवाईबुवा."

मग मुलाने दाराकडे मान वळवून विचारलं, "आई, तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "पोळी घे." सगळे हसले. मीही हसले.

कार्डाची किंमत ऐकून मात्र कोणी हसलं नाही. बँकेने कर्ज दिलं नाही. दुकानात नावं फिरवणाऱ्या पोराला कोण देणार? काही दिवसांनी दादा सकाळचा आला आणि पिशवी ह्यांच्यासमोर ठेवली. बोरसीचा प्लॉट विकून आला होता. मी दारात उभी होते. हे म्हणाले, "साळेबुवा, तुम्ही तर भाड्याच्या मशिनी म्हणत होते."

"मी आतासुद्धा तेच म्हणतो. पण पोराचं मन कार्डावर आहे. मन नसलं तर बारा काय, शंभर मशिनी काय करतीन?" मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "फिल्मचे पैसे आले का दुसरा घेऊ, बाई. बोरसी कुठं पळून चालली?"

वहिनी त्या दिवशी सोबत आली नव्हती. नंतरही बरेच दिवस आली नाही.

कार्ड आलं ते विश्वकर्मा पूजेच्या सुमारास. हिरवी पाटी, पोळपाटापेक्षा लांब, वर चकत्या. प्लांटात यंत्रांची पूजा होते, तशी ह्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आणि ते खरंच चाललं. दूध उतू जायला लागतो तेवढ्या वेळात एक चित्र होऊ लागलं. साच्याची सावली फरशीवर पडलेली मी पाहिली, अगदी खरी. घरात तेवढे दिवस बरे गेले.

मग कारखानदार पाहायला आला. खुर्चीवर बसून त्याने सगळं नीट पाहिलं. "बहुत बढ़िया, बेटा," म्हणाला. "लेकिन धुआँ कहाँ है? ढलाई होती है तो धुआँ उठता है, आँच काँपती है. ये तो ठंडा लग रहा है."

धूर त्या कार्डाला येत नव्हता. घट्ट वस्तूंच्या सावल्या पाडायला ते शिकलेलं होतं, धुराचं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मुलगा पीसीओवरून रोज मुंबईला फोन करायचा. आधी त्यांनी नवीन प्रोग्राम येतोय म्हणून सांगितलं. शेवटी कळलं की परदेशात ज्यांनी ते कार्ड काढलं, त्यांनी ते बनवणंच बंद केलं. आता नवीन काही येणार नव्हतं.

साध्या कम्प्युटरला धूर काढता यायचा, फक्त वेळ फार लागायचा. म्हणून दादाच्या पैशातले थोडे उरले होते, ते घेऊन मुलगा क्लासवाल्याकडे गेला. तिथल्या बारा मशिनी बारा तऱ्हेच्या होत्या, काही जुन्या, काही नव्या. बुडलीवर, म्हणजे लोखंड ओतायच्या भांड्यावर, जे गंजाचं चित्र चिकटवायचं होतं ते दोन मशिनींवर पोचलंच नव्हतं. त्यांनी काढलेल्या चित्रांत बुडली पांढरीफटक. सगळी चित्रं एकापाठोपाठ लावली तेव्हा फिल्म चोक गेलेल्या ट्यूबलाइटसारखी लपलप करू लागली. पुन्हा करायला गेला तर क्लासवाल्याच्या परीक्षा सुरू झाल्या. त्या संपल्या तर लाइट जायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर तो कारखानदाराकडे मुदत मागायला गेला आणि दुपारीच परत आला. मी पाणी दिलं. ते न पिता सांगू लागला. कारखानदाराने लग्नाची शूटिंग करणाऱ्याला फाउंड्रीत बोलावून ओतकामाची फिल्म काढून घेतली होती. रागावला नाही तो. एवढंच म्हणाला, "बेटा, भट्टी तो सामने ही जल रही है."

आमच्या अंगणातून रोज संध्याकाळी प्लांटाकडचं आकाश लाल दिसायचं. वाळलेले कपडे काढताना मी कितीदा पाहिलं असेल. हे तर जन्मभर तापलेल्या रेलसमोर उभे राहिले. तरी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात ती गोष्ट आली नव्हती.

कार्ड कोणी घेईना. दुकानदार हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि परत द्यायचे. हे एकदाच, जेवताना, म्हणाले, "रेल मिलसुद्धा ऑर्डर असली तरच चालते." मी त्यांच्या ताटात वरण वाढलं. दादाने कधी एका शब्दाने डिवचलं नाही. डिवचलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मुलगा हैदराबादला गेला. तिथे एका कंपनीत खोलीभर कम्प्युटर आहेत, फिल्मची चित्रं सगळ्यांवर वाटून करतात, दादा म्हणत होता तसंच. त्याचं काम म्हणजे बसून राहायचं, कोणती मशीन थांबली ते पाहायचं आणि ती परत चालू करायची. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "आई, तिथं एसी एवढा असते का स्वेटर घालून बसा लागते."

"आन चित्रं?" मी विचारलं.

"चित्रं दुसरे काढतात."

नंतर त्याने स्वेटर मागितलं तेव्हा मी ट्रंक उघडली. लोकरीच्या कपड्यांखाली ते कार्ड आहे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. तिथेच राहू दिलं.

तो दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि ते मी प्लॉटच्या पैशांपोटी दादाकडे नेऊन द्यायची. दरम्यान हे रिटायर झाले आणि क्वार्टर सुटलं. दुर्गला दोन खोल्या किरायाने घेतल्या. एकदा शेजारणीबरोबर बोरसीला हळदीकुंकवाला गेले होते. त्या प्लॉटवर कोणाचं तरी दुमजली घर उभं होतं. कंपाउंडच्या आतून मुनगा वर आला होता, शेंगा रस्त्यावर लोंबत होत्या. शेजारीण म्हणाली, "तोडा ना दोन, कोण पाहते?" मी नाही तोडल्या.

शेवटचा हप्ता द्यायला मी गेले तेव्हा दादाच्याही नोकरीचे थोडेच दिवस उरले होते. रेल्वेचं क्वार्टर त्यालाही सोडायचं होतं. वहिनीने पैसे मोजले, दोनदा. "पुरे आहेत," म्हणाली. मग नोटा सारख्या करत, माझ्याकडे न पाहता, म्हणाली, "तेव्हा एवढ्यात अख्खा प्लॉट गेला. आता एवढ्यात बोरसीत कंपाउंड नाई होत."

"चहा ठेव," दादा म्हणाला.

मला काहीतरी बोलायचं होतं. दादाने ते पैसे कपाटात चादरीखाली ठेवले, दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"फिटले, बाई. एक पैसा बाकी नाई," तो म्हणाला. "आता नव्या खोलीचा किराया यातूनच देत जाऊ."