पान्हा चोरणारा हात

मंगळवारी सकाळी ताईला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. दुपारी तिला मुलगा झाला. रक्त थांबलं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्त द्यावं लागेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती तिसरी दिवाळी. मी साताऱ्याला कॉलेजात शिकत होते आणि सुटीत घरी आले होते. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. थोरला भाऊ फौजेतून रजेवर आला होता. वडील गावी जनावरांपाशी राहिले, मेहुण्यांना निरोप गेला होता पण ते अजून वाटेत होते. दवाखान्यात आम्ही तिघंच: आई, भाऊ आणि मी.

भावानं लगेच बाही वर केली. त्याच्या हातावरच्या शिरा कासऱ्यासारख्या जाड होत्या आणि त्यांचा त्याला अभिमान होता. "एक न्हाई, दोन बाटल्या घ्या," तो म्हणाला. रक्त काढणारे गृहस्थ चष्मा लावलेले, मितभाषी होते. त्यांनी तिघांच्या बोटांतून थेंब थेंब घेतला, काचेच्या पट्टीवर तपासला आणि भावाला म्हणाले, "बाही खाली करा. तुमचं चालत नाही. आईंचंही नाही. या मुलीचं चालतं."

भावानं माझ्याकडे बघितलं. घरात मी कायम पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेली. उसाला पाणी पाजायला मी कामाची नव्हते, धार काढायला तर मुळीच नाही. तो मला चिडवायचा, "हिच्या अंगात रगात कुटलं? शाई हाय सगळी." त्या वेळी मात्र त्यानं बाही खाली केली.

मला टेबलावर झोपवलं. दंडाला रबरी नळी बांधली. "मूठ आवळा." मी आवळली. कोपराच्या आत कातडीखाली काहीच दिसेना. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, दोन बोटांनी थापटलं आणि सुई घातली. सुई जाड होती. रक्त आलं नाही. त्यांनी ती आत थोडी फिरवली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण नळी कोरडीच. उजवा हात झाला, मग डावा. डाव्या हातातल्या सुईतून दोन थेंब आले आणि थांबले.

"फार बारीक शिरा आहेत," ते कपाळ पुसत म्हणाले. "मिरजेला माणूस धाडलाय. पण तिथं या गटाचं असेलच असं नाही."

भाऊ माझ्या उशाशी उभा होता. "जोरानं आवळ की मूठ! जेवत न्हाईस त्याचं हे. आता कसं व्हायचं?"

पलीकडच्या खोलीत ताई होती. मधलं दार उघडलं की तिच्या खाटेची कड दिसे. मला वाटलं, आयुष्यात एकदाच माझं काही लागलं आणि तेही माझ्याकडून निघत नाही.

आई तोवर दाराशी बसून होती. ती उठली, माझा डावा हात हातात घेतला आणि सावकाश म्हणाली, "हात पान्हा चोरतोय."

आमच्याकडे एक पहिलारू म्हैस होती. कासेत दूध भरलेलं असायचं, पण धार काढायला परकं कुणी बसलं की ती दूध वर चढवून ठेवायची. त्याला पान्हा चोरणं म्हणतात. आईशिवाय तिनं कुणाला थेंब दिला नव्हता.

मला लाज वाटली. एवढ्या शिकलेल्या माणसासमोर आई मला म्हशीच्या रांगेत बसवत होती. "आई, पान्हा दुधाचा असतो," मी हळूच म्हणाले.

"तू गप पड." मग भावाकडे वळून, "तू भाईर हो."

"मी काय केलं?"

"डोक्यावर हुबा ऱ्हाऊन वरडतोयास. तू गोठ्यात आलास की म्हसबी चोरती. जा."

फौजेतला माणूस मुकाट्यानं बाहेर गेला.

आईनं कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे बोट केलं. त्यावर सुया उकळायचं भांडं होतं. "आवं दादा, त्यातलं पाणी घिऊ का?"

"मावशी, ही म्हैस आहे का?" ते गृहस्थ म्हणाले. पण चिडून नव्हे. त्यांच्याजवळही दुसरा उपाय नव्हता. त्यांनी भांडं उतरवून दिलं.

आईनं घरून आणलेल्या तांब्यात ते ओतलं, गार पाणी मिसळलं, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहिला. पदराचं टोक त्यात भिजवून माझ्या कोपराभोवती गुंडाळलं. हात टेबलाखाली लोंबता सोडला. आणि मनगटापासून वर, मनगटापासून वर, अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागली. पदर गार झाला की पुन्हा भिजवायची. तोंडानं गोठ्यातलंच बोलणं चाललेलं. "सोड गं बया. आपलंच रेडकू हाय. सोड."

मी मूठ आवळायला गेले तर तिनं बोटं उलगडली. "आवळू नगंस. ढिला सोड."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. हात जड झाला, कोमट झाला. आईनं पदर काढला आणि कोपराच्या जरा बाहेरच्या बाजूला, आधी कुणी टोचलंच नव्हतं तिथं, बोट ठेवलं.

"हितं."

त्यांनी चष्मा सावरला आणि वाकले. "इथं काहीच दिसत नाही."

"डोळ्यानं न्हाई, बोटानं बघा. म्हशीच्या सडाचं त्वांड काय दिसतंय व्हय?"

त्यांनी बोट ठेवलं. थोडं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा बदलला. नळी पुन्हा बांधली, सुई घातली, आणि काचेच्या बाटलीत तळाशी काळपट लाल रंग पसरू लागला. आई माझा हात धरून बाटलीकडे बघत होती, दुधाची चरवी भरताना बघायची तशीच.

भाऊ दारातून डोकावला. "शाई न्हाई की गं! रगातच हाय," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

दुसरी बाटली मिरजेहून संध्याकाळी आली. पहिली वेळेवर मिळाली म्हणूनच दुसरीचा उपयोग झाला, असं डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं. निघताना रक्त काढणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मावशी, तो शब्द काय म्हणालात?" आईनं सांगितला. त्यांनी तो मनाशी एकदा म्हणून पाहिला.

ताई चौथीनंतर शाळेत गेली नव्हती. बाळंतपणातून उठल्यावर तिनं माझ्या पिशवीतलं एक पुस्तक काढलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला बसली. मी हसले, तर म्हणाली, "हसतीयास काय? शाई तूच घातलीस न्हवं माझ्यात? आता ती गप बसू दीना." पुढं सगळं आयुष्य ती वाचत राहिली आणि कुणी विचारलं की हेच कारण सांगायची. मी खूप शिकले, शिकवलं, माझ्या नावापुढं पदव्या लागल्या. पण माझ्या अंगातल्या कशाचा मला अभिमान वाटला असेल तर तो त्या एका बाटलीचा, आणि तितकाच आईच्या अंगठ्याचा.

ताई जाऊन पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात साताऱ्यात माझं रक्त तपासायचं होतं. ताईचा मुलगा सोबत होता. तिथल्या मुलीनं दोनदा टोचलं, मिळालं नाही. मी तिच्याकडे गरम पाणी मागितलं, रुमाल भिजवला आणि हात लोंबता सोडला. मग जागा दाखवली आणि म्हणाले, बोटानं बघ.

आई नाही, ताई नाही. डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ती शीर आहे.