कण्णाडी मामांची धुरकट काच

कण्णाडी मामांच्या चष्म्याची उजवी काच घासून धुरकट केलेली होती. आरपार काही दिसायचं नाही, आत डोळा आहे एवढंच कळायचं. डावी काच मात्र इतकी जाड, की तिच्यामागचा डोळा वाटाण्याएवढा दिसे. तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी, बाजारात बसथांब्याच्या अगदी समोर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. तमिळमध्ये चष्म्याला कण्णाडी म्हणतात, म्हणून क्वार्टर्समधल्या आम्हा मराठी बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं. ज्याला स्वतःला एका डोळ्यानं दिसत नाही त्याच्याकडे डोळे तपासायला जायचं, याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मामा तंजावरकडचे मराठी. कुठल्या पिढीत घराणं तिकडे गेलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. माझे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात. दोन हजार साली साताऱ्याहून बदली होऊन आम्ही आलो, तेव्हा बाजारात मराठी कानावर पडेल अशी आशाच नव्हती. मामांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलातली. पहिल्या भेटीत निम्मी कळली नाही, तरी मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. मला ते अक्का म्हणत. माझ्या मृणालला कण्णू म्हणत. कण्णू म्हणजे डोळा, आणि तिकडे लहान मुलांना लाडानं अशीच हाक मारतात.

मृणाल तेव्हा सात वर्षांची होती. फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतलं उतरवते, डोळे तपासून घ्या, अशी शाळेतून चिठ्ठी आली. लहान वयात चष्मा लागला की नंबर वाढतच जातो, असं आमच्याकडे सगळे खात्रीनं सांगायचे. सासूबाईंनी तर फोनवरूनच सात वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी सुरू केली. मग मी एक उद्योग केला. आधी एकटीच मामांकडे गेले, स्वतःचे डोळे तपासून घेतले आणि भिंतीवरच्या तक्त्याच्या ओळी मनात धरून घरी येऊन वहीत उतरवल्या. आठवडाभर पाढ्यांबरोबर मृणालकडून त्या घोकून घेतल्या. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं केलेला हा शहाणपणा.

मृणालनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. मामा ऐकत राहिले. मग तिचा हात धरून तिला दुकानाच्या दारात घेऊन गेले, तिच्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला आणि म्हणाले, “थांब्यावर गाडी उभा आहे. नंबर वाच.” मृणाल क्षणभर घुटमळली. “सेव्हंटी ए,” ती म्हणाली.

“सेव्हंटी ए सकाळी येतो, कण्णू. तू शाळेला जातेस तेव्हा. आत्ता उभा आहे तो वेगळा.” मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “अक्का, तक्ता तुम्ही शिकवला. गाडी तिनं आपणच शिकली.”

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि कागदावर आधी एक गोल काढला, मग त्याच्या शेजारी एक लांबट. “पोर वाढतो तसा डोळाही वाढतो. तिचा जरा जास्त लांब वाढतोय. म्हणून लांबचं पुसट. चष्म्यानं नंबर वाढत नाही, आणि चष्मा लपवला म्हणून थांबत नाही. लपवलं तर पोरीला फळा दिसत नाही, अस्कं एवढंच.” अस्कं म्हणजे सगळं. तरी जाता जाता मी म्हटलंच, की निदान थोडा कमी नंबर द्या. ते म्हणाले, “तिच्या पायाला लहान चप्पल घालता का?” आणि पूर्ण नंबर लिहिला.

चष्मा दिला की मामा वेष्टीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या लुंगीवजा धोतराच्या, मऊ कापडाचा चौकोनी तुकडा बरोबर द्यायचे. काचेवर बोट लागलेलं त्यांना खपत नसे. आलेल्या पोराच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून, पुसून, परत चढवायचे आणि मग प्रश्न ठरलेला: “खेळतोस कुठे?” घरात, असं उत्तर आलं की आईची हजेरी. मी मृणालला अबॅकसला घातलं होतं, हस्ताक्षराच्या, गाण्याच्या क्लासला घातलं होतं, एक दुपार मोकळी ठेवली नव्हती. “पुस्तक हातभर लांब धरू दे. मधूनमधून मान वर करून दूर बघू दे. उन्हं कलली की बाहेर सोडा,” ते म्हणत. त्यानं नंबर थांबेल का, असं मी विचारलं. “थांबतो म्हणून मी बोलणार नाही. बाहेर खेळणाऱ्या पोरांचा हळू वाढतो, असं मला दिसलं. मी डॉक्टर नाही, अक्का.” मी एक क्लास बंद केला. दोन चालू ठेवले.

दर वर्षी शाळा सुटली की आम्ही जायचो. दोन, साडेतीन, पाच. कार्डावर आकडा लिहिताना मामांचा आवाज बसत चालला. आकडा सहाच्या पुढे गेला त्या वर्षी त्यांनी मृणालला समोर बसवून स्वतःच्या धुरकट काचेची हकीकत सांगितली. विशीत असताना ते शहरात, जॉर्ज टाउनमध्ये, काचा घासायच्या कामावर होते. एके दिवशी उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं. मग काळे ठिपके तरंगायला लागले. मग कोपऱ्यातून काळा पडदा सरकत आला. पोंगल तोंडावर होता, काम खूप होतं. “पाच दिवस बसलो. सणानंतर बघू म्हणून. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. लांब डोळ्यात तो ताणून पातळ झालेला असतो. पहिल्या दिवशी गेलो असतो तर शिवून मिळाला असता.”

तेव्हापासून त्यांनी तिला एक नेम लावून दिला. रोज आंघोळ झाली की एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा. चमक, ठिपके, पडदा, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मृणालकडून हे त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. मग माझ्याकडूनही म्हणवून घेतलं, आणि मला त्या वयात शाळकरी पोरीसारखं वाटलं.

दहावीच्या वर्षी नंबर नऊ होता. परीक्षेच्या आधी मी घरात जाहीर केलं होतं, की पेपर संपेपर्यंत डोकं दुखतं, पोट दुखतं, मला काही सांगायचं नाही. मृणाल माझी गुणी मुलगी. दुसऱ्या पेपरच्या सकाळी आंघोळीनंतर डावा डोळा झाकला तेव्हा उजव्याच्या खालच्या कोपऱ्यात तिला काळं दिसलं. तिनं ते मला सांगितलं नाही. शेवटचा पेपर देऊन आम्ही रिक्षात बसलो आणि ती म्हणाली, “आई, आता सांगू?” मधे आठ दिवस गेले होते.

त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, पुन्हा एक झालं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला बोलल्या नाहीत. फक्त इतकंच म्हणाल्या, की नजरेचा मधला भाग सुटायच्या आत यायला हवं होतं. उजव्या डोळ्यानं मृणालला आता खिडकी कुठे आहे ते कळतं. समोर धरलेली बोटं मोजता येतात, कधी कधी. डाव्या डोळ्यालाही पातळ जागा सापडल्या. त्या लेझरनं पक्क्या करून दिल्या. मी कुणासमोर रडले नाही. रडायचा हक्क मला नव्हता.

मामांना सांगायला जायला मी तीन महिने टाळलं. गेलो तेव्हा दुकानात मामी बसल्या होत्या. मामा दाराशी खुर्चीवर. त्यांचा डावा डोळाही त्याच वर्षी गेला होता. चष्मा नाकावर होता, पण सवयीनं. पावलांचा आवाज ऐकून ते म्हणाले, “कण्णू?”

मी तोंड उघडायच्या आत मृणालनंच सांगितलं. कोणता डोळा, काय झालं, ऑपरेशन कुठे झालं. मामांनी एकच विचारलं. “किती दिवस बसलीस?”

“एकही नाही, मामा. त्याच दिवशी आईला सांगितलं. आई लगेच घेऊन गेली.”

मी मामींकडे बघत उभी राहिले. खोटं आहे म्हणून सांगायला माझी जीभ उचलली नाही. मामा चौकट चाचपत उठले, मृणालला दारात उभं केलं आणि पूर्वीसारखा तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. चष्म्यावरच ठेवला, त्यांना दिसत नव्हतं. “थांब्यावर गाडी उभा आहे. नंबर वाच.”

मृणाल या वेळी घुटमळली नाही. “सेव्हंटी ए,” ती म्हणाली.

थांब्यावर गाडी नव्हती. भर दुपारी दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, रस्त्यावर एकही इंजिन वाजत नव्हतं. मामा मान तिरकी करून थोडा वेळ ऐकत राहिले. मृणालला हे पाठांतर कुणी शिकवलं ते मामांना, तिला आणि मला, आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“बरोबर,” मामा म्हणाले. मग हात न काढता, तिला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू, “आता डावा सांभाळ.”

मी मागेच होते, मलाही ऐकू आलं. डाव्या काचेवर त्यांची बोटं उमटली होती. मामांनी कापड शोधायला खिसा चाचपला, तर मृणाल म्हणाली, “राहू दे, मामा, स्वच्छ आहे.” घरी पोचेपर्यंत तिनं ती काच पुसली नाही. रस्ता ओलांडताना मी तिचा हात घट्ट धरला होता.