ओळ उचलणारा माणूस

मालवण तालुक्यात बोलू नये तेव्हा बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण बोलू नये तेव्हा गाणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या भावाचा मित्र आहे. हे विधान मी रागाच्या भरात करत नाही. राग आहेच, तो पुढे येईल. पण माझा जन्म पतपेढीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला आहे आणि तपासल्याशिवाय कोणाबद्दल काही लिहायची मला सवय नाही. वयाने तो माझ्यापेक्षा बराच मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणतो. लिहिताना ‘तो’ लिहिणार आहे. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

माझा भाऊ भजनी बुवा. आमच्या पंचक्रोशीत त्याला सगळे नुसतं ‘बुवा’ म्हणतात, मी दादा म्हणतो. आमच्याकडच्या भजनात बुवा ओळ टाकतो आणि मागे बसलेले कोरसवाले ती उचलतात. हा मित्र शाळेपासून दादाच्या मागे बसत आला आणि सगळ्यांत आधी ओळ उचलत आला. पोटापाण्यासाठी बाजारात त्याचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप गेले, दुकान गेलं, पण आपल्याला आवाजातलं सगळं कळतं ही समजूत काही गेली नाही. कोणत्याही नव्या खोलीत शिरला की तो आधी एक टाळी वाजवतो, मान तिरकी करतो आणि निकाल देतो, “हय आवाज बरो बसता,” नाहीतर “हय आवाज मरता.” माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्याने हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या अशीच टाळी वाजवली. समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं, अंगठी घालून झाली. त्यांनी वाजवल्या, त्यांचं बघून मागच्यांनी वाजवल्या, आणि आत साडी नेसत असलेली माझी मुलगी रडकुंडीला येऊन विचारू लागली की माझ्याशिवाय काय उरकलं? मी त्याला बाजूला घेऊन काय ते सुनावलं. तो म्हणाला, “रागवा नको रे धाकल्या. पण हॉल मात्र बरो आसा हां.”

दुसरी सवय याहून वाईट. त्याच्या फोनमध्ये जगातले सगळे आवाज भरलेले आहेत: किनाऱ्यावरचा माशांचा लिलाव, पालखीचे ढोल, वालावलच्या तळीकाठचे बेडूक. आणि यांतला एकही आवाज धड ऐकू येत नाही. कारण बटण दाबलं की हा आधी फोनला सांगतो, “रेकॉर्डिंग चालू आसा, कोणीव बोला नकात,” आणि मग शेवटपर्यंत स्वतः बोलत राहतो. बेडकांच्या रेकॉर्डिंगमध्ये बेडूक बिचारे दोनदा ओरडतात. बाकी वेळ हा आपल्याला बेडकांविषयी माहिती देत असतो.

हे सगळं मी हसून सोडून देत होतो. मग दादाच्या घशात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलणंसुद्धा कठीण, गाण्याचा विषयच नाही. ऑपरेशनला थोडे दिवस होते. तोवर गायलात तर चालेल, म्हणाले, पण दिवसाला एक-दोनच भजनं, आणि आवाज थकला की थांबायचं. घरी आल्यावर दादा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसला. मग म्हणाला, “माझा ऱ्हवांदे रे. पण मुंबैत नातू झालो आसा, तेका आजो कसो गाय होतो ता कळाक होया.” बस्, एवढीच त्याची मागणी होती. त्याचा आवाज कुठेतरी नीट ठेवायचा. दुसऱ्यांदा तो मिळणार नव्हता.

मी त्याच दिवशी सावंतवाडीच्या एका स्टुडिओची चौकशी केली. भाडं परवडण्यासारखं होतं, आणि नसतं तरी मी दिलं असतं. पण दादाचा मित्र मध्ये पडला. “भाड्याच्या खोलीत? बुवाक? धाकल्या, तुका येड लागला काय? घरात करूया, फुकट. मिया करतंय.” मी म्हटलं, ज्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बेडूक ऐकू येत नाहीत त्याच्यावर भावाचा आवाज सोपवायला माझी तयारी नाही. त्यावर त्याने सगळ्यांसमोर मला ऐकवलं, “बुवाचो आवाज मिया आयकाक लागलंय तेवा तू चड्डीत मुतत होतस!” दादा हसला. दादा हसला की आमच्या घरात त्या विषयाचा निकाल लागतो.

फुकटच्या रेकॉर्डिंगसारखी महाग गोष्ट दुसरी नाही. माजघराच्या भिंतींना त्याने आमच्या सगळ्या गोधड्या, चादरी आणि माझ्या बायकोचा लग्नातला शालू लावला. पंखे बंद केले. घड्याळ काढून न्हाणीघरात नेऊन ठेवलं. गाय पलीकडच्या मांगरात, गवत ठेवायच्या खोपटात, नेऊन बांधली. ती परक्या जागी बांधल्याबद्दल दुप्पट हंबरू लागली. कुठून तरी उसना माइक आणला आणि उभा करायला काही नाही म्हणून स्वतःच हातात धरून बसला. मी तीनतीनदा बजावलं, “तुमी गाव नकात. नुसतो माइक धरा.” म्हणाला, “माका काय कळणा नाय?”

दादा गायला बसला. खरं सांगतो, त्या दिवशी त्याचा आवाज असा लागला की गाठ आहे यावर विश्वास बसू नये. दुखण्याआधीही मी तो इतका चांगला ऐकला नव्हता. त्याने पहिली ओळ टाकली, आणि मला जी धास्ती होती तेच झालं. याने ओळ उचलली, स्वतःच्याच तोंडापुढे माइक धरून. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण बुवाची ओळ हवेत लोंबकळत ठेवायची नाही अशी आमच्या वाडीची रीतच आहे. पलीकडच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालणाऱ्या काकींनी ओळ उचलली. नारळ पाडायला आलेला माणूस अर्ध्या माडावर होता, त्याने तिथून उचलली. रस्त्याने सायकलवरून पाव विकणारा चालला होता, त्याने पोंग्याच्या चालीवर उचलली. मी बाहेर धावत जाऊन हात जोडले, गप्प राहा म्हटलं. काकी सूप आपटून म्हणाल्या, “बुवान ओळ टाकली आणि आमी त्वांड मिटून ऱ्हवाचा? आमी काय मेलव? तू पतपेढीत जा हो!” आत येतो तर भजन संपत आलेलं, दादाने शेवटची तान घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आत माइकमध्ये आरोळी: “वा बुवा! वा!”

दादा खोकला. खोकला थांबेना. त्या दिवसाचं गाणं संपलं.

रेकॉर्डिंग मी ऐकलं. निम्म्याहून जास्त याचाच आवाज होता. दादा मागे कुठेतरी, पलीकडच्या वाडीत गात असल्यासारखा. मी तेव्हा त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दादाला उरलेल्या थोड्या दिवसांतला सगळ्यांत चांगला दिवस या माणसाने खाल्ला होता, आणि वर तो मला समजावत होता, “पण किती खरा वाटता बग. वाडी कशी भरलेली आयकाक येता.” मी म्हटलं, “माका वाडी नको, माका माझो भाव होयो!” त्यावर त्याने भिंतींवरचं सगळं उतरवलं. गोधड्यांच्या एकेक करून घड्या घातल्या, शालू माझ्या बायकोच्या हातात दिला आणि चहा न घेता गेला.

मी लगेच सावंतवाडीचा स्टुडिओ ठरवला, आणि तिथे त्याला न्यायचं नाही हेही ठरवलं. सकाळी बघतो तर गाडीत पुढच्या सीटवर तो आधीच बसलेला, मांडीवर नारळ. स्टुडिओ मोती तलावाजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. रेकॉर्डिंग करणारा तरुण मुलगा सभ्य, नम्र. नारळ बघून तो घाबरला. मशिनांजवळ पाणी नको म्हणाला. म्हणून दादाच्या मित्राने जिन्यात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या काचेच्या खोलयेत आमच्या बुवाचो आवाज जसोच्या तसो उतरू दे रे म्हाराजा!” खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने दुकानातून न बघताच साद दिली, “व्हय म्हाराजा!” मग आत शिरून याने टाळी वाजवली. टाळीचा आवाज तिथल्या तिथे विझला. त्याने पुन्हा वाजवली. चेहरा उतरला. “धाकल्या, हय आवाज मरता रे,” तो म्हणाला. “माका माझे कान गेलेसे वाटले.” मी म्हटलं, “बरा झाला. बसा आता.”

दादाला काचेपलीकडे बसवलं, आम्हाला अलीकडे. मुलाने समजावलं, “बुवा, तुम्ही ओळ गायची आणि कोरसपुरती जागा मोकळी सोडायची. कोरस आपण नंतर वेगळा घेऊन त्या जागेत बसवू.” दादाने मान डोलावली. ओळ टाकली, आणि सवयीने मागे बघितलं. मागे भिंत होती. मग त्याने काचेतून आमच्याकडे बघितलं. माझ्या शेजारी हा माणूस खुर्चीवरून उठून, दोन्ही हात वर करून, पुऱ्या ताकदीने ओळ उचलत होता. काचेपलीकडे त्यातलं काहीही पोचत नव्हतं. दादाला नुसतं तोंड हललेलं दिसत होतं. त्या तोंडावर नजर ठेवून दादाने प्रत्येक ओळीनंतर बरोबर तेवढी जागा सोडली आणि बरोबर जागेवर पुढची ओळ धरली. दोन भजनं झाली. आवाज थोडा थकलेला होता, पण स्वच्छ, एकट्याचा, जवळचा. त्या दोन भजनांपुरता तरी मी समाधानी होतो.

मग कोरसची पाळी. दादा बाहेर येऊन बाकावर बसला, हा आत गेला. कानांवर हेडफोन चढवले. मुलाने खूण केली. याने ऐकलं, काचेतून दादाकडे बघितलं, पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. तो बाहेर आला. “बुवा हय गप बसलो आसा,” तो म्हणाला, “आणि थय कानात गाता तो कोण? माका जमाचा नाय. शिरा पडो त्या मशीनीर.” मी समजावलं, विनवलं, शेवटी ओरडलो. माझ्यासारखा माणूस परक्याच्या स्टुडिओत ओरडला. दोन ओळी गायला काय जातंय? आयुष्यभर नको तिथे गायलात, आज हवं तिथे गा! दादानेच मला आवरलं. मुलगा म्हणाला, “काका, राहू द्या. फाइलमध्ये जागा आहे. कधीही या.” येताना गाडीत झारापचा फाटा येईपर्यंत मागच्या सीटवर दादा मित्राची समजूत काढत होता. गळा दुखत असताना.

ऑपरेशन नीट झालं. दादा घरी आला, जेवूखाऊ लागला, आवाज गेला. आता त्याचं सगळं हाताने चालतं, आणि हात त्याचे पहिल्यापासून बोलके. मुंबईला फाइल पाठवली. दादाच्या सुनेने कळवलं, बाळ ऐकतं, पण मध्ये मध्ये गाणं थांबलं की रडतं.

दादाचा मित्र रोज संध्याकाळी येतो. पडवीत दादाशेजारी बसतो. दादा छोट्या स्पीकरवर स्टुडिओतलं भजन लावतो. दादाचा आवाज ओळ टाकतो, जागा येते, आणि हा उचलतो. वय झालं आहे, श्वास पुरत नाही. ओळ लांबते आणि दादाच्या पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याखाली जातो. रोज जातो. त्या एका शब्दासाठी मी केवढी यातायात केली हे त्याच्या गावीही नाही. पलीकडून काकीही साथ देतात. दादा डोळे मिटून मांडीवर ताल धरतो. मी आत वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि चिडतो.

परवा मला राहवलं नाही. बाहेर जाऊन फोन त्याच्यापुढे धरला. म्हटलं, “आता हयच गावा. एकदाच. मिया स्टुडिओतल्या त्या झिलग्याक पाठवन जागेत बसवून घेतंय. नातवाक पुरा गाणा मेळतला, आणि तुमकाव रोज वरडूचा नको.” मुद्दा बिनचूक होता. त्यात चूक काढणं शक्य नव्हतं.

त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “नातवाक काय होया ता बसव,” तो म्हणाला. “पण हय नको, धाकल्या. हय सगळा बसवलंस तर मगे मिया येव कित्याक?”

दादाने डोळे उघडले नव्हते, पण ताल थांबला होता. स्पीकरवर ओळ संपत आली होती. दादाचा हात हळूच वर झाला, मंडळीला खूण करायचा तसा. त्याचा मित्र पुढे सरकून बसला, आणि मी फोन खिशात घातला.