कप्तानाच्या कुत्र्याचं नाव

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मांडवीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबल्या मेस्त गुडघ्यावर बसून अकरा फुटी जहाजाच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून ठोकतात तशी कापसाची वात ठोकत होते. हे जहाज पाण्यात कधीच जाणार नव्हतं. शहरातल्या संग्रहालयाच्या नव्या दालनात ते काचेमागे उभं राहणार होतं. तरी सांधा रिकामा सोडणं मेस्तांच्या हाताला जमलं नाही.

प्रतिकृती होती एकोणिसाव्या शतकातल्या एका क्लिपरची. अंग अरुंद, पुढची नाळ धारदार, तीन डोलकाठ्यांवर शिडंच शिडं. चहा आणि अफू इतरांच्या आधी बाजारात पोचावी म्हणून असली जहाजं धावत. मूळ जहाज मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं. मेस्तांचे आजे सांगत, आपली माणसं त्या गोदीत लाकूड तासायचा वाकस चालवायला गेली होती. त्याला कागद नाही, आणि आहे असं मेस्त कधी म्हणालेही नाहीत.

सात महिन्यांत काम झालं होतं. उरली होती एक फळी, डाव्या बाजूची, नाळेजवळची. मेस्तांच्या घराण्यात होडीची शेवटची फळी मालकासमोरच बसते. मालक नारळ ठेवतो, होडी कुणी बांधली ते चार माणसांत नाव घेऊन सांगतो, मग मेस्त फळी बसवतो. त्यांच्या हातच्या एकोणचाळीस होड्यांपैकी एकही याशिवाय पाण्यात गेलेली नाही.

साडेआठला टेंपो आला. दालनाचं काम बघणारी मृणाली उतरली, सोबत कंत्राट घेतलेल्या एजन्सीचा फिटर. दोरांची नावं बरोबर आहेत का ते बघा, म्हणून तिने जहाजाशेजारी लावायच्या पाटीचा कागद मेस्तांपुढे धरला. मेस्तांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. जहाजाचा मालक होता, कप्तान होता, चीन किती दिवसांत गाठलं तो आकडा होता. कप्तानासोबत फिरणाऱ्या कुत्र्याचं नावही होतं. तळाला लिहिलं होतं, प्रतिकृती निर्मिती, आणि पुढे पुण्याच्या एजन्सीचं नाव. त्या एजन्सीचा माणूस शेडमध्ये आज पहिल्यांदा येत होता.

"बाय, कुत्र्याचा नाव हाय," मेस्त म्हणाले. "बांधणाऱ्याचा खय हाय?"

मूळ सुतारांची नोंदच सापडत नाही, असं मृणालीने सांगितलं. ते खरं होतं.

"तेंची कोणी लिवली नाय म्हणून नाय गावत. माझा तर तुमका ठावक हाय ना?"

तिने बाहेर जाऊन दालनाच्या साहेबांना फोन केला. परत आली तेव्हा नजर कागदावर होती. कंत्राट एजन्सीच्या नावावर आहे, पाटी छापायला गेली आहे, कारागिराच्या नावाची तरतूद नाही, असं साहेबांचं म्हणणं तिने सांगितलं. चहा घेऊन आलेल्या कमळाबाईंनी हे ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी आता भुंकाय शिका. मग लागंल पाटीवर नाव."

मेस्त हसले नाहीत. नावाशिवाय फळी बसणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. फिटरला ही अडचण वाटली नाही. त्याने फळी उचलली आणि जागेवर दाबली. त्या फळीच्या दोन्ही कडांना जीभ होती आणि शेजारच्या फळ्यांना खाच. ती वाफेवर नरम करून, मधोमध वाकवून, मग एका दमात आत सोडावी लागते. फिटरने ती कोरडीच ठोकली. चौथ्या घावाला उभी तडकली.

मेस्त जागचे हलले नाहीत. "दुसरी करूक माका दोन तास पुरे," ते मृणालीला म्हणाले. "पाटी बदलून आणा."

पाटी बदलली नाही. सव्वाअकराला टेंपो भोकासकट जहाज घेऊन गेला. डावी बाजू भिंतीकडे ठेवायची, असं फोनवरच ठरलं.

संध्याकाळी उद्घाटनाचं निमंत्रण घरपोच आलं. लिफाफ्यावर 'प्रति, कारागीर' एवढंच होतं. मेस्तांनी तो आणणाऱ्याच्या हाती परत दिला. या नावाचं इथे कोणी राहत नाही, असं त्यांनी सांगितलं.

दालन उद्या सकाळी दहाला उघडेल. मेस्त साडेसातला मिरकरवाड्याच्या बंदरात कामावर असतील. केतन पावसकरांच्या ट्रॉलरची नाळ बदलायची आहे.