शेवटचं पान हरकतीचं

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी घाटकोपरच्या छापखान्यात प्रुफं तपासत होतो. त्यांचा पुतण्या दारात उभा राहून म्हणाला, "तात्या सकाळी गेले." मला रडू आलं नाही, राग आला. सोमवारी अंधेरीच्या प्रशिक्षण संस्थेत बैठक होती, तात्या तिथं भांडणार होते, आणि हा माणूस शनिवारीच निघून गेला...

तात्या मुलुंडला राहायचे. शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यावर या संस्थेत शिकवायचे. विद्यार्थी म्हणजे टांगानिका, युगांडा, गोल्ड कोस्ट या आफ्रिकेतल्या इंग्रजी वसाहतींतून आलेले तरुण अधिकारी. उद्या त्यांचे देश मोकळे झाले की पाणी कुठं न्यायचं, कारखाना कुठं उभारायचा, हे ठरवणारी माणसं. मला हा सगळा प्रकार ढोंगी वाटे. 'बेड्या तोडायच्या तर तक्ते कसले शिकवता?' असं पत्रक मी संस्थेच्या फाटकावर वाटलं. तात्यांनी एक घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि परत देत म्हणाले, "त्वेष झकास आहे रे. पण यात माणूस एकही नाही. रविवारी मढला चल."

गेलो. वर्सोव्याहून होडीनं, सोबत टांगानिकाचा जोसेफ. मढच्या मासळीसाठी बर्फाचा कारखाना, असा आराखडा त्यानं केला होता, आणि चांगला केला होता. तात्यांनी तो हिराबाई कोळिणीला मराठीत समजावला. ती बोंबील वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ताजी मासळी बर्फात घालून व्यापारी नेणार. मग या बांबूंवर मी काय वाळवू, कावळे?"

तात्यांचा नियम असा, की आराखड्याचं शेवटचं पान ज्याचं नुकसान होणार त्याचं. त्याच्या शब्दांत, त्याच्या नावानिशी. जोसेफ वैतागला. माझ्या देशाला घाई आहे, असं काहीसं म्हणाला. तात्या वाळूत बसूनच बोलले, "गोऱ्यांनाही घाईच होती, जोसेफ. विचारायला वेळ नव्हता त्यांना." कारखाना नको असं त्यांचं म्हणणं मुळीच नव्हतं. आधी हिराबाईचं काय ते ठरवा, मग बांधा, एवढंच. परतताना होडीत जोसेफनं आराखड्याला एक कोरं पान जोडलं आणि वर हिराबाईचं नाव लिहिलं. त्या दिवसानंतर मी मात्र तात्यांचा पिच्छा सोडला नाही.

हेच पान संस्थेला खुपलं. आराखड्यांचे अहवाल परदेशी जातात, त्यात तक्रारी कशाला, म्हणून ते काढून टाकायचं घाटत होतं. सोमवारच्या बैठकीत संचालकांनी तात्यांसाठी सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली आणि खाली बसल्या बसल्या पान रद्द करायचा विषय काढला. मी दाराशी होतो, खिशात नवं पत्रक. ते काढणार तोच जोसेफ उठला. अहवाल टेबलावर ठेवून म्हणाला, हे पान राहणार, नाहीतर प्रमाणपत्र तुमच्याकडेच ठेवा. त्या प्रमाणपत्रावर त्याची मायदेशातली नोकरी अवलंबून होती. ते नसतं तर ती जागा एखाद्या गोऱ्याला गेली असती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी एकेकानं आपापला अहवाल त्याच्या अहवालावर आणून ठेवला.

संचालकांनी तो ढीग बाजूला सारला. मग कंटाळून विचारलं, पान ठेवलं तरी शिकवणार कोण? मी म्हणालो, मी. अनुभव? शून्य, शिकेन. जोसेफ हसला. पान राहिलं, मला एक तुकडी मिळाली.

गेल्या रविवारी नवी मंडळी घेऊन मढला गेलो. हिराबाईपुढं उभा राहून आफ्रिकेचं स्वातंत्र्य, कोळ्यांचा हक्क, व्यापाऱ्यांची लूट, सगळं घडाघडा सांगितलं. तिनं मासळीची पाटी खाली ठेवली. "तू लय बोलतोस रे. मास्तर विचारायचे नि गप बसायचे." माझे विद्यार्थी माझ्याकडे बघायला लागले. काय बोलली, असं विचारायला लागले. मी त्यांना सांगितलं, आणि माझ्या वहीचं शेवटचं पान उघडून तिचं हेच बोलणं तिच्या नावानिशी लिहिलं. लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायची तात्यांची पद्धत होती, मीही दाखवलं.

"हां," हिराबाई म्हणाली. "आणि उन्हात उभं केलंस मला, ते पण घाल."

घातलं.