खांबेट्यांनी न पाहिलेली सरहद्द

खांबेटे दिसेल तो कागद लॅमिनेट करत. सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्याला पाणी विचारण्याआधी लॅमिनेशनचं मशीन दाखवलं जाई. फ्रिजवर भाज्यांची यादी, न्हाणीघरात गीझरच्या सूचना, दाराशी चपला कुठे काढायच्या त्याचा नकाशा, सगळं प्लास्टिकमध्ये. बिचाऱ्या वहिनींनाही हा माणूस एक दिवस त्या मशीनमध्ये घालेल अशी मला भीती वाटे.

नोकरी आयटीतली, पद मॅनेजरचं आणि तोरा राज्यपालाचा. "सिस्टिम हवी हो, सिस्टिम! आपल्या लोकांकडे तीच नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. खिडकीतून पलीकडे मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसायची. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "बघा, ही पण बॉर्डरच. आपण सिस्टिमच्या बाजूला राहतो." जणू ती बाजू यांनीच बांधली होती.

अशा माणसाने काढलेल्या कोरियाच्या सहलीत मी नाव घातलं ते केवळ आईसाठी. आई कराचीची. तिथल्या मराठी शाळेत तिचे वडील मास्तर होते. फाळणीत घर सुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. कराचीला पुन्हा जाणं काही झालं नाही. माझ्याकडे सिंगापूरला राहायला आली तेव्हा वयाची पंचाहत्तरी गाठलेली. खांबेट्यांच्या व्हॉट्सॲपवर 'दोन कोरियांची सरहद्द' वाचलं आणि म्हणाली, "माझी नाही तर नाही, दुसऱ्या कुणाची तरी बघू. एकदा उभं राहून पलीकडे बघायचंय मला."

सोलला पोचल्यावर खांबेट्यांनी हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. ते तिजोरीत जाणार आणि आमच्या गळ्यात पासपोर्टच्या लॅमिनेट केलेल्या रंगीत प्रती राहणार. "फूलप्रूफ," ते म्हणाले. आम्ही चौदा सुशिक्षित माणसांनी निमूटपणे पासपोर्ट दिले. आईने कमरेच्या कापडी पिशवीवर हात ठेवला. "माझी कागदपत्रं मी कुणाला देत नाही." कराची सोडताना तिच्या वडिलांनी घराचे कागद एका भल्या शेजाऱ्याकडे सांभाळायला दिले होते. ते परत आले नाहीत. खांबेटे हसले. "काकू, हे कोरिया आहे, कराची नाही."

दुसऱ्या दिवशी बस निघाली. सेल्फी स्टिक तेव्हा नव्या होत्या. खांबेट्यांनी ती भाल्यासारखी धरली होती. नदीकाठच्या थांब्यावर गाईड मुलगी बसमध्ये चढली आणि पासपोर्ट मागू लागली. पुढे पुलावर सैनिक तपासतात, अस्सल पासपोर्टच लागतो, म्हणाली. खांबेट्यांनी छाती पुढे काढून गळ्यातली प्रत दाखवली. मग सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास दाखवला. मुलीने नम्रपणे मान हलवली. हे तुम्हाला ईमेलमध्ये लिहिलं होतं, असंही तिने सांगितलं.

लिहिलं होतंच. सहलीचा कार्यक्रम छापताना ती ओळ खांबेट्यांनी गाळली होती. "अहो, बॉर्डर ओलांडायची नाही, नुसती बघायची!" ते आमच्यावरच ओरडले. "बघायला कसला पासपोर्ट?" बॉर्डरशेजारी इतकी वर्षं राहून त्यांना एवढंच कळलं होतं.

आईने पिशवीतून पासपोर्ट काढला. मुलीने तो बघून तिला बसून राहा म्हणून खुणावलं. झालं, खांबेटे बिथरले. "काकू, एकट्या नका जाऊ. ग्रूप म्हणजे ग्रूप. उतरायचं तर सगळ्यांनी." आणि माझ्याकडे वळून, "समजवा हो यांना." मी काय करावं? मी म्हणालो, "आई, राहू दे. पुन्हा कधीतरी." खांबेट्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी त्यांचंच काम केलं. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि खिडकीशी सरकून बसली. आम्ही उतरलो. बस तिला घेऊन गेली.

तीन तास आम्ही तारेच्या कुंपणाशी फोटो काढत होतो. कुंपणाला लोकांनी रंगीत फिती बांधल्या होत्या. आई परत आल्यावर "जेवलीस का?" एवढंच मी विचारलं, कारण मला खांबेट्यांशी भांडायचं होतं. ते मी विमानतळापर्यंत पुरवलं.

महिन्याभराने सिंगापूरला, यिशुनमधल्या एकांच्या घरी खांबेट्यांनी सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले. "समोर उत्तर कोरियाचा सैनिक. माझ्या डोळ्यांत रोखून बघतोय." पडद्यावर त्याच फिती. सोबत गेलेले तेरा जण भजी खात गप्प बसले. "काय काकू, खरं की नाही?" इतकी निर्लज्ज हिंमत मी क्वचितच पाहिली आहे. आई म्हणाली, "हो, तर!" घरी येताना एमआरटी ट्रेनमध्ये मी तिच्यावर चिडलो.

दोन वर्षांनी खांबेट्यांचा नोकरीचा पास वाढवून मिळाला नाही. सिस्टिमने त्यांना एका पत्रात कळवलं. पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी ते निरोप घ्यायला आले. मशीन मला देऊ करत होते, मी नको म्हणालो. मी चहा टाकायला आत गेलो. मग खांबेट्यांचा आवाज आला, पण तो मला ओळखू आला नाही.

"काकू, तिथे नेमकं काय दिसतं हो?"

"दुर्बीण असते," आई सांगू लागली. "नाणं टाकलं की उघडते. माझ्याकडे नव्हतं, त्या मुलीने घातलं. पलीकडे शेत होतं. एक बाई बांधावरून चालली होती आणि मागे एक लहान मुलगी, तिचा पदर की काय असेल ते धरून. मी म्हटलं, मागे बघ गं. एकदा बघ. तेवढ्यात नाणं संपलं."

"बघितलं का तिने?"

"नाही. निघताना आम्हीही नव्हतं बघितलं. आई म्हणाली होती, बघू नका."

मी कप घेऊन दारातच उभा राहिलो.

"हे मुलाला सांगितलं नाही कधी?" त्यांनी विचारलं.

"त्याने विचारलं नाही," आई म्हणाली.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. खांबेट्यांना मी मूर्ख समजत होतो, आजही समजतो. पण विचारलं त्यांनी.